बर्फातून आलेला नमुना

दोनशे शुक्राणू मोजले. पांढऱ्या पेशी चार. हलणारा एकही नाही.

दुसरा थेंब घेऊन पुन्हा पाहिलं, तरी तेच. सगळे जागच्या जागी.

नमुना परवेजभाईंचा होता, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा. पहिल्या बायकोचं दुसरं बाळंतपण तिच्या जिवावर बेतलं, तेव्हा नसबंदी त्यांनीच करून घेतली होती. ती बायको पुढं काविळीनं गेली. फरहीनआपाशी निकाह झाल्यावर, आपाच्या हट्टामुळं, त्यांनी पुण्यात नळ्या पुन्हा जोडून घेतल्या. शुक्राणू येतात का आणि हलतात का, एवढंच आता बघायचं होतं. मी बारामतीच्या एका लॅबमध्ये काम करते. लॅबच्या बाथरूममध्ये, बाहेर मेहुणी बसलेली असताना, त्यांना जमणार नव्हतं. म्हणून नमुना घरूनच, इंदापूरहून आणला होता.

बाहेर बाकावर दोघं बसले होते. मी सांगितलं.

"झालं तर मग," परवेजभाई उठले. "दोन पोरं हायत आपल्याला. चल घरी."

"त्यांचे डबे रोज मीच भरते," आपा बसूनच म्हणाली. "तरी मला माझंबी एक पायजे. बसा खाली."

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. जोडणी नीट झाली नसती तर शुक्राणू दिसलेच नसते. हे होते, आणि भरपूर होते. मग दोनशेत एकसुद्धा वळवळू नये? मी डबी पुन्हा हातात घेतली. गार होती. बुडाला काहीतरी चिकटलं होतं, नखाएवढं, चमकणारं. खवलं.

"भाई, डबी कशात आणलीत?"

"पेटीत," उजनीची मासळी विकणाऱ्या माणसाच्या अभिमानानं ते म्हणाले. "खाली-वर बर्फ दाबून. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या किती! पर माझा माल आजवर नासला न्हाय."

आपानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! चिलापी मासळी हाय व्हय ती?"

गारठ्यानं शुक्राणूंची हालचाल थांबते, नमुना अंगाच्या उबेत आणि तासाभराच्या आत पोचावा लागतो, हे मी तेव्हा सांगितलं. ते आधी सांगायला हवं होतं. आजची तपासणी धरता येणार नव्हती.

"सुहाना, तुझी खोली इथनं किती लांब?" आपानं विचारलं.

"मागच्याच गल्लीत."

"किल्ली दे."

"आज नाही, आपा. मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्यावे लागतात."

"परत बाजार बुडवू?" परवेजभाई म्हणाले.

"बुडवा," आपा म्हणाली.

ते खवल्याकडं बघत राहिले. "आन् परत तसंच निघालं तर?"

"तर तिसऱ्यांदा येऊ. पर या बारीला डबी मी आणणार."

ठरल्या दिवशी माझ्या खोलीवरून आपा एकटीच लॅबमध्ये आली. उजवा हात बुरख्याच्या आत अंगाशी घट्ट आवळलेला.

"भाई कुठंयत?"

"टपरीवर. तुला तोंड दावायला लाजत्यात. आधी हे घे."

तिनं काखेतून डबी काढली. ऊबदार होती. नमुना पातळ होईपर्यंत थांबले, मग थेंब काचेवर ठेवला. आपा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी दोनदा मोजलं आणि कागदावर लिहिलं.

दोनशे शुक्राणू मोजले. पांढऱ्या पेशी तीन. हलणारे त्र्याहत्तर.