दिसायला हवी ती आग

थोरल्या साडूने आग विझवायच्या लाल सिलिंडरची पिन उपसली, नळी समोर धरली आणि तो तसाच उभा राहिला.

हाताच्या अंतरावर, टर्बाइनच्या पाइपाखाली, तेलाने माखलेली एक चिंधी धुमसत होती. वेल्डर पाइप जोडून केव्हाच चहाला गेला होता. पण अणुवीज केंद्राचा नियम असा, की वेल्डर गेला तरी आगीच्या पहारेकऱ्याने हलायचं नाही. लोखंड उलट्या हाताला गार लागेपर्यंत तिथेच बसायचं. थोरला वर्षानुवर्षं हे काम करत होता, आणि इतकं चोख, की त्याच्या पाळीत कधी काही घडलंच नव्हतं. हीच तर अडचण होती.

घडलं होतं ते धाकट्याच्या पाळीत. मागे केबलच्या खोलीत ज्वाळा उठल्या, त्याने एकट्याने त्या विझवल्या आणि त्याला साहेबांच्या हस्ते चषक मिळाला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे चषक धाकट्याच्या घरी असला, तरी त्याची चकाकी थोरल्याच्या ताटापर्यंत पोचत होती.

"धाकटीने टीव्ही सरकवून जागा केलीय त्याला," कालच बायको वाढता वाढता म्हणाली होती. "तुम्ही हो काय करता तिथे एवढी वर्षं?"

"आग लागू देत नाही."

"ते मेलं दिसणार कुणाला?"

आज दिसलं असतं. चिंधी उचलून शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकली, तर तो कचरा. जरा पेटू दिली, तर पराक्रम. हिशेब सरळ होता. थोरल्याने चषकाची जागासुद्धा ठरवून टाकली: फ्रिजवर. धाकटा जेवायला आला, की गार पाण्यासाठी त्याला तिथेच जावं लागलं असतं.

चिंधीची कड लाल झाली. थोरल्याची नजर धुरामागोमाग वर गेली. छतालगत काळ्या केबली ओळीने चालल्या होत्या, अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांकडे.

त्याने सिलिंडर खाली ठेवलं, चिंधी दोन बोटांत उचलली आणि बादलीत बुडवली. चर्र झालं. बोटही भाजलं.

मागे कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. पाळी बदलायला आलेला धाकटा साडू दारात उभा होता. तो बादलीकडे बघत नव्हता. जमिनीवर पडलेल्या पिनेकडे बघत होता.

"कधी दिसली, साडूभाऊ?"

"ही काय, आत्ताच."

धाकट्याने वाकून पिन उचलली, बाहीला पुसली आणि सिलिंडरला परत बसवली. नीट बसली तरी तो ती उगाच चाचपत राहिला.

"केबलच्या खोलीतली मलाही अशी आत्ताच दिसली होती," तो खालच्या मानेने म्हणाला.

थोरल्याने भाजलेलं बोट तोंडात धरलं. तो पाइपाजवळच्या बाकावर टेकला आणि थोडा सरकून त्याने धाकट्यालाही जागा केली. मग दोघे शेजारी बसले आणि आळीपाळीने पाइपाला उलटा हात लावून बघू लागले, लोखंड गार झालं का ते.