साहेबांची मुलाखत

कळंबच्या शेळीपालन संस्थेनं यंदा कर्मचाऱ्यांसाठी खेळ ठेवला होता. पुण्याहून आलेल्या मोनिका मॅडमनी मंगल कार्यालयात चार टेबलं मांडली आणि सांगितलं, प्रत्येक टेबल म्हणजे एक वर्तमानपत्र. तासाभरात संस्थेतल्याच बातम्या गोळा करायच्या, मोठ्या कागदावर पहिलं पान लिहायचं आणि अध्यक्षांसमोर वाचायचं. बातमीला साक्षीदार हवा आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याचं म्हणणंही घ्यायला हवं.

हे ऐकलं आणि संस्थेत शेळ्यांना लस टोचणाऱ्या वर्षाराणीनं पेनाचं टोपण काढलं.

आठ महिने ती आतल्या आत धुमसत होती. चैत्रात येडाई देवीच्या यात्रेदिवशी शाखाधिकारी उत्तरेश्वर साहेबांनी संस्थेची जीप येरमाळ्याला नेली. शेळ्यांच्या लसीचा डबा जीपमध्येच राहिला, दिवसभर उन्हात. इकडं वर्षाराणी गावात लोकांना थोपवून बसलेली. साडेचारला डबा तिच्या हातात आला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. तिनं साहेबांना फोन केला, तर ते खेकसले, शहाणपण शिकवू नको, निमूट टोच म्हणाले. तिनं टोचलं. पुढं साथ आली आणि लस दिलेली शेरडं पटापटा मेली. एकट्या सारजाबाईची एकोणीस. साहेबांनी अहवालात लिहिलं की डबा सकाळीच वर्षाराणीच्या ताब्यात दिला होता, बर्फाकडं तिनंच बघितलं नाही. तिला उमरग्याला धाडलं. निघताना सारजाबाई चारचौघांत म्हणाली होती, "बाई, तुज्या हातानं माजं घर बसलं." तेव्हापासून वर्षाराणीला घास गोड लागला नव्हता.

तिनं ड्रायव्हर भागवतला मुद्दाम आपल्या टेबलावर घेतलं. त्या दिवशी जीप त्यानंच चालवली होती. तिनं भराभरा लिहिलेलं पान वाचून त्याचं तोंड उतरलं. लेकरंबाळं आहेत, मला यात ओढू नको, म्हणाला.

"दादा, माझी बाजू घेऊ नका," वर्षाराणी म्हणाली. "फकस्त खोटं बोलू नका."

मग ती वही घेऊन मुलाखतीला गेली. साहेब अध्यक्षांच्या शेजारी बसून रंगात आले होते. तिनं आधी त्यांचं कुलदैवत विचारलं, मग यंदा यात्रेला गेला होतात का विचारलं.

"म्हणजे काय! सगळी सासुरवाडी घेऊन गेलो. सकाळी सहाला निघालो, परतायला चार वाजले."

"कशानं गेलात?"

"जीपनं की," असं ते बोलून गेले आणि थबकले.

"मग लसीचा डबा सकाळीच माझ्या ताब्यात कुणी दिला, साहेब?"

साहेब हसत म्हणाले, खेळ आहे, खेळासारखा घ्या. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. साक्षीदार कोण, त्यांनी विचारलं.

भागवतनं खुर्ची मागं सारली. मग उठला. "डबा जीपमधीच व्हता. म्या साहेबांना सांगितलं बी व्हतं."

साहेब उसळले. "आणि ती नासलेली लस टोचली कुणी? हिनंच ना?"

वर्षाराणीनं पान भिंतीला चिकटवलं. "तिसऱ्या ओळीत छापलंय, साहेब. कळत असून टोचली, माझ्या नावानिशी."

अध्यक्षांनी सगळं पान उभ्यानं वाचलं, भिंतीवरून काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मोनिका मॅडमनी घाईघाईनं जेवणाची सुट्टी केली. साहेबांनी ताटाला हात लावला नाही. वर्षाराणीनं येसर आमटी दोनदा मागून घेतली.

आठवड्याभरात साहेब आणि वर्षाराणी, दोघांनाही कामावरून कमी केल्याचं एकच पत्र निघालं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन काय मिळवलंस, असं नवऱ्यानं, रामहरीनं विचारलं. तिनं पत्रात साहेबांचं नाव कुठं आहे ते आधी शोधलं, दोनदा वाचलं. मग आपलं.