वरून ओतलेलं पानी

माह्या उजव्या हाताची तीन बोटं जिनानं खाल्ली. नेरच्या एका जिनात, म्हंजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यात, मी रोजीनं कापूस लावाले जात होती. पदर अडकला, पदर सोडवाले गेली तं हात अडकला. बस, एवढीच गोष्ट. यात ना देवाचा कोप, ना कोनाचा शाप. पन गावाले कोन समजावीन? गावानं ठरवूनच टाकलं, पंचफुलानं विहीर बाटवली म्हनून तिचा हात गेला.

आता विहिरीचं सांगते. आमच्या वस्तीतल्या बायाईनं विहिरीपासून लांब उभं राहाचं, घागर खाली ठेवाची, अन् कोनाले दया आली तं तिनं वरून पानी ओताचं. तिची बादली आपल्या घागरीले लागली नाई पायजे. माही सासू रुखमाबाई जन्मभर अशीच उभी राहिली. मंग छप्पनले आम्ही नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. घरी आलो, अन् दुसऱ्या दिवशी मी माहा दोर, माही बादली घेऊन सरळ काठावर चढली. काय तमाशा झाला वं माय! शिव्या झाल्या, गोटे आले, पोलिस आले. कायदा आमच्या बाजूनं होता, म्हनून गाव गुमान बसलं. हळूहळू वस्तीतल्या बाकी बाया बी चढू लागल्या. सासू मात्र नाई. म्हने, "माही जिंदगी गेली तशीच जाईन."

अन् माहा हात गेला तशा साऱ्या बाया भेल्या. पुन्हा नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं गढूळ पानी भरू लागल्या. बोटाईसाठी मी रडली नाई असं नाई, लय रडली. पन खरा जीव जळला तो याच्यानं.

नागपूरच्या दवाखान्यात जखम भरली, तवा मले एका खोलीत धाडलं. तिथं रत्नप्रभाबाई होत्या. वकिलाची पोरगी, चापूनचोपून नेसलेलं पांढरं पातळ, बोलनं एकदम गोड. अधू झालेल्या मानसाले रोजची कामं पुन्हा शिकवनं हेच त्याईचं काम. त्याले त्या व्यवसायोपचार म्हनत. पहिल्याच दिवशी माह्यापुढं रंगीत मन्याईचं ताट ठेवलं अन् म्हने, "ओवा."

"मी काय लहान पोट्टी आहे?" मी म्हनलं.

त्या हसल्या. "बरं, मग तुम्हीच सांगा. घरी गेल्यावर सगळ्यात आधी कोणतं काम जमायला हवं?"

"विहिरीचं पानी शेंदाचं आहे."

"ते जड काम, पंचफुलाबाई. तुमचे यजमान आणतील की! आपण आधी वेणी, भाकरी, लुगडं नेसणं असं करू."

"भीमराज आनते ना, नाई कोन म्हनते? पन शाप मले लागला म्हनून राह्यले लोकं. मंग तो खोटा पाडाले भीमराजनं जाऊन काय फायदा? मलेच जा लागन." अन् मंग मी त्याईले सारं सांगतलं, पहिल्यापासून.

त्याईनं सारं ऐकलं अन् म्हनलं, "तुमची सहनशक्ती फार मोठी आहे हो."

माहं टाळकंच सरकलं. "सहनशक्ती? सहन माह्या आजीनं केलं, मायनं केलं, सासू अजून करून राह्यली. सहनच कराचं असतं तं मी इथं कायले आली असती? घरी बसली असती तोंडावर पदर घेऊन. मले सहन नाई कराचं, बाई. मले पानी काढाचं आहे!"

बाई लालेलाल झाल्या. मले वाटलं, आता काढतीन खोलीच्या बाहीर. पन नाई. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या आंगनात चाक टांगलं होतं, दोर होता, अन् रेतीनं भरलेली बादली होती. दोराले जागोजागी गाठी मारल्या होत्या, म्हंजे सटकू नाई. "ओढायचं डाव्या हातानं," त्याईनं दाखवलं. "उजव्या मनगटाला वेढा द्यायचा, तो फक्त धरून ठेवील. आणि जोर कंबरेतून आला पाहिजे." सालटं निघालं मनगटाचं. मी त्याईले तोंडावर शिव्या घातल्या. त्या आवाज चढवत नव्हत्या, अन् सोडत बी नव्हत्या. खरं सांगाचं तं, ती बाई मले आवडाले लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाले मले सुट्टी झाली. बाई माह्यासंग एस्टीनं गावाले आल्या. माही चूल, माही विहीर त्याईले डोळ्यानं पाहाची होती.

विहिरीवर गेलो तं वरच्या आळीच्या बाया होत्याच. कोकिळाबाई त्याईची म्होरकी. "आली का वं पंचफुला? एक हात ठेवला देवानं. तेवढ्यावर भागव आता." आमच्या वस्तीतल्या बाया मागं लिंबाखाली रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. सासू बी होती. साऱ्याईची नजर माह्या हातावर.

मी बादली सोडली. मनगटाले वेढा देल्ला, ओढली. अर्ध्यावर आली अन् वेढा निसटला. बादली धाडकन खाली. वरच्या आळीच्या बाया फिदीफिदी हासल्या.

रत्नप्रभाबाईले ते पाहावलं नाई. माह्या ध्यानात येन्याआधीच त्याईनं कोकिळाबाईची भरलेली बादली उचलली अन् माह्या घागरीत वरून ओतली. "आज राहू द्या. दमलात तुम्ही. उद्या पुन्हा करू." बिचारीनं मायेनं केलं.

कोकिळाबाई खुश. "हे बेस झालं पाहा, बाई. पहिले असंच तं होतं!"

लिंबाखालच्या बायाईच्या माना खाली गेल्या. ते मी पाहिलं, अन् डोक्यात जाळ उठला. मी लात मारून घागर लवंडून देल्ली. सारं पानी गोट्यावरून वाहून गेलं.

"अहो, हे काय केलंत!"

"बाई, तुमच्यावर माहा राग नाई. पन वरूनच ओतून घ्याचं असतं तं आम्ही दीक्षा कायले घेतली असती?"

त्याईनं हातातल्या बादलीकडं पाहिलं. मंग खाली माह्या घागरीकडं. मी दवाखान्यात सांगतलं ते त्याईले आता उमजलं. चेहरा पांढराफटक पडला. "चुकले मी," त्या म्हनल्या. बादली खाली ठेवली, पायरीवर जाऊन बसल्या अन् दोनी हात मांडीत घट्ट धरले. "काढा तुम्ही. काही झालं तरी मी उठणार नाही."

मी पुन्हा वेढा देल्ला. या खेपेस दातानं आवळला. पाय काठाले रोवला, कंबर मागं टाकली. मनगटाचं सालटं गेलं, रक्त आलं. बादली हालून राह्यली, वर येऊन राह्यली.

"अवं, तोल जाईन तुहा!" कोकिळाबाई वरडली. "मरशीन!"

"मरीन तं याच विहिरीत मरीन. मंग प्या माहं पानी!"

बादली काठावर आली. अर्धी सांडली होती. पन अर्धी होती ना! मले तहान लागली होती. ओंजळ काही होत नव्हती माह्यानं. मंग मी बादली गुडघ्यात धरली, तोंड घातलं अन् त्या काठावर, साऱ्या गावापुढं, घटाघटा प्याली. चोळी चिंब झाली. होऊ दे म्हनलं!

तोंड वर केलं अन् लिंबाकडं पाहून वरडली, "पाहून काय राह्यल्या वं? घागरी भराच्या नाईत का?"

कोनी हाललं नाई. मंग माही सासू निघाली. कोकिळाबाईच्या अंगावरूनच चालत आली म्हना ना, लुगड्याले लुगडं लागलं, तरी थांबली नाई. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या काठावर चढली. माह्या मनगटावरचा वेढा सोडला, दोर आपल्या हातात घेतला अन् म्हने, "सरक तिकडं. आता माही पाळी आहे."