सगळ्यात म्हातारा सभासद

“गोळी लागून मरायचो नाही मी, पण ह्या जाकिटात उकडून नक्की मरेन,” बाबा पुटपुटले. मी त्यांच्या काखेतला पट्टा आवळत होते, त्यामुळे ते थेट माझ्या कानात पडलं. “आणि ढिला कर जरा, बल्कीस. पोट आहे हे, पखाल नव्हे.”

“मग जाऊ नका.”

“जाऊ नको काय? खुर्ची माझी आहे आज.”

आमच्याकडे निवडणूक झाली की पहिल्या दिवशी सभागृहाला अध्यक्ष नसतो. तो निवडेपर्यंत वयानं सगळ्यात मोठ्या सभासदानं वरच्या खुर्चीत बसायचं, सगळ्यांना शपथ द्यायची आणि कामकाज चालवायचं असा नेम आहे. एरवी ही कौतुकाची गोष्ट. म्हातारा चष्मा शोधतो, नावं चुकवतो, सभागृह हसतं, आणि दुपारी तो घरी येऊन झोपतो. ह्या वेळी मात्र दोन्ही गट तोडीस तोड निवडून आले. सर्वांत मोठा गट कोणता हे त्या सकाळी खुर्चीतला माणूस जाहीर करणार, आणि तो म्हणेल त्याचं सरकार येणार. मग काय, ज्यांनी स्वतःच्या आईचं वय कधी विचारलं नसेल, ते दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचे दात मोजायला निघाले.

मोजून मोजून उरले दोघे. एका गटातले माझे बाबा, हाजी खशान. दुसऱ्या गटातले मुनशिद काका, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांचं जन्मसाल एक आणि तारीखही एक, पहिली जुलै. ह्यात नवल काही नाही. त्यांच्या लहानपणी शिरगणतीचा कारकून होडीतून पाणथळीत आला, तेव्हा कुणालाच जन्मतारीख माहीत नव्हती. त्यानं सगळ्या गावाला पहिली जुलै देऊन टाकली. आमच्या देशात त्या दिवशी केक करायचे तर साखर पुरणार नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या फाटकात एक पाकीट सापडलं. आत एक काडतूस होतं. परवा हातिफ, आमचा ड्रायव्हर, भट्टीवरून गरम समून पाव घेऊन परतत होता. फाटकाशी वळताना मोटरसायकलवरून दोघे आले आणि त्यांनी काचेतून त्याच्या मानेत गोळ्या घातल्या. पाव त्याच्या मांडीवर तसेच होते, वाफ येत होती. त्याच्या बायकोला फोन मी केला. गाडीची गादीही मीच धुतली, कारण पहारेकरी म्हणाले, ते आमचं काम नाही.

“कोण मोठा ते मला विचारा की,” नशमिया आत्या खाटेवरून म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, कानानं अधू, जिभेनं धडधाकट. “दोघांची ढुंगणं धुतलीत मी.”

“आत्या, आज तरी गप्प बस,” रिसान म्हणाला. रिसान माझा धाकटा भाऊ. कमरेला पिस्तूल, दोन्ही हातांत फोन. बाबांचा गट सत्तेवर आला तर त्याला मंत्रिपद देऊ असं कबूल झालं होतं, आणि तो आधीपासूनच मंत्र्यासारखा आमच्यावर ओरडत होता.

“गप्पच आहे मी,” आत्या म्हणाली. “साठ-सत्तर वर्षं गप्पच आहे.”

 बाबा बुटाची नाडी बघू लागले.

आत्या काय बोलत नव्हती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या आजीचा पहिला मुलगा खशान चार वर्षांचा असताना पाण्यात गेला. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा जन्मले. आजीनं ठरवलं की आपला मुलगा गेलेलाच नाही. तिनं बाबांना तेच नाव ठेवलं, त्याचेच कपडे घातले, आणि कारकून आला तेव्हा थोरल्याचं साल सांगितलं. म्हणजे बाबा कागदावर जेवढे आहेत त्याहून चार-पाच वर्षांनी लहान. शाळेत सगळ्यात बुटके होते ते. कालवा ओलांडताना मुनशिद काका त्यांना खांद्यावर घ्यायचे. कारकुनापुढे आजी खोटं बोलली तेव्हा मुनशिद काका तिथेच, म्हशीच्या पाठीवर बसले होते. बुडालेल्या खशानबरोबर खेळलेला मुलगा तो. पण ते काही बोलले नाहीत. गावात कुणीच बोललं नाही. आजीच्या तोंडावर कोण बोलणार? पुढे आजी गेली, तोवर त्या सालावर बाबांची शाळा, नोकरी, लग्न, सगळं उभं राहिलं होतं. आणि आता ही खुर्ची.

“बाबा,” मी दारात हळूच म्हटलं, “मुनशिद काकांना बसू द्या. तब्येत बरी नाही म्हणा.”

“रिसानला सांगशील तू?”

 ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. पुढे मागे बंदुकांच्या गाड्या.

सभागृह आम्ही टीव्हीवर बघितलं. मी सुक्या लिंबाचा चहा केला होता, तो कुणी प्यायला नाही. बाबा डावीकडून व्यासपीठावर चढले आणि मुनशिद काका उजवीकडून. मागून दोन्ही गट ओरडत होते. एकजण बाकावर उभा राहून बूट आपटत होता. बाबा खुर्चीपर्यंत पोचले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बसले नाहीत. माझे बाबा मला पाठीवरूनसुद्धा कळतात. त्यांना बसवत नव्हतं.

मग मुनशिद काका त्यांच्याजवळ आले, वाकले, आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवला.

बाबांच्या गटाला तो हात दिसला. त्यांना वाटलं, म्हातारा खशानला खेचतोय. चौघे-पाचजण पायऱ्यांवरून धावत वर गेले. एकानं काकांची मान धरली, दुसऱ्यानं मेजावरचा माईक उपटला आणि त्यांच्या कानशिलावर हाणला. खण्ण असा आवाज आला, माईक चालूच होता ना. काकांचा शिरोवेष्टनाचा काळा गोफ उडाला. त्यांनी हात वर केले. पुन्हा हाणलं. मग कुणीतरी ढकललं, आणि ते पाठीवर, पायऱ्यांवरून, डोकं आधी, असे खाली आले. संगमरवरावर डोकं आपटलेलं दिसलं. त्यानंतर खुर्च्या उडाल्या, पाण्याचे जग फुटले, एक सभासद दुसऱ्याचा कान चावत होता, आणि मग पडद्यावर झेंडा आणि संगीत.

“पडला?” आत्यानं विचारलं. “कोण पडला?”

“मुनशिद काका.”

आत्या खाटेवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुपारच्या नमाजाआधीच काका गेल्याची बातमी आली. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या बाहीला कोपरापर्यंत रक्त होतं, काकांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं म्हणे. मी तपेलीत पाणी घेतलं आणि त्यांचे हात धुऊ लागले. नखांतलं निघेना.

“काय म्हणाले ते तुमच्या कानात?” मी विचारलं.

बाबांनी बोटं पाण्यात बुडवली. “म्हणाला, बस रे धाकट्या. पाय दुखत असतील तुझे.”

मी साबण पुन्हा त्यांच्या नखांवर घासला.

“नुसता बस म्हणत होता गं,” बाबा म्हणाले. “खुर्ची देत होता मला. आणि आपल्या माणसांनी...”

“बाबा, हे बाहेर बोलायचं नाही,” रिसान मागून म्हणाला. तो केव्हा आला कळलंच नाही. “उद्या पुन्हा बैठक आहे. आता दुसरा कुणी दावेदार नाही. तुम्ही बसायचं आणि दोन वाक्यं वाचायची. बस्स.”

बाबांनी तपेलीतलं लाल पाणी उचललं आणि त्याच्या छातीवर फेकलं. आयुष्यात त्यांनी रिसानवर हात उगारला नव्हता. रिसान तसाच उभा राहिला, सदऱ्यावरून पाणी ओघळत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर गाड्या वाजल्या.

मुनशिद काकांच्या मुलांनी बापाला अजून मातीही दिली नव्हती. शवपेटी एका गाडीच्या टपावर बांधलेली, आणि दुसऱ्या गाडीच्या हौद्यात मशीनगन. पहिली फैर त्यांनी हवेत झाडली. दुसरी आमच्या भिंतीवर. बैठकीच्या खोलीच्या सगळ्या काचा एकदम खाली आल्या. गच्चीवरची टाकी फुटली आणि जिन्यातून पाणी धो धो वाहू लागलं. मी आत्याला खाटेवरून ओढलं आणि मधल्या बोळात आडवं टाकलं, वर मी पडले. माझ्याखालून ती शिव्या देत होती, नेमक्या कुणाला ते कळत नव्हतं.

रिसानची माणसं गच्चीवरून उलट झाडत होती. एक पहारेकरी वरून अंगणात पडला, डाळिंबाच्या झाडावर, आणि फांदीसकट खाली आला. त्याचा पाय थोडा वेळ हलत राहिला. रिसान बोळात आला तेव्हा त्याचा अर्धा कान नव्हता. त्याला ते कळलंही नव्हतं. मी माझी ओढणी त्याच्या डोक्याला गुंडाळली. तो लहान असताना पडून यायचा तेव्हा गुंडाळायचे तशीच, आणि तसाच तो म्हणाला, “घट्ट नको गं.”

बाहेर गोळ्या थांबल्या. झामिलचा आवाज आला. काकांचा थोरला. आमच्या अंगणात मोठा झालेला, माझ्या हातची म्हशीची साय आणि खजूर खाऊन.

“खशान काका! मला घर जाळायचं नाही. आत बल्कीस ताई आहे, आत्या आहे. मला एकच सांगा. खुर्ची कुणाची होती? तुमची की माझ्या बापाची? तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.”

बाबा भिंतीला टेकून उभे होते. रिसाननं त्यांचा दंड धरला.

“तुमची म्हणा. ऐका माझं. तुमची होती म्हणालात तर ते हमरीतुमरीतलं मरण. दोन्हीकडचे वडीलधारे बसतील, भरपाई ठरेल, मिटेल. त्यांची होती म्हणालात तर आपण माणसाला त्याच्या स्वतःच्या जागेवर मारलं. त्याला भरपाई नसते बाबा. त्याला घरातला माणूस द्यावा लागतो.”

“कोण द्यावा लागतो?” आत्यानं जमिनीवरून विचारलं.

“बाबा. नाहीतर मी.”

 जिन्यातलं पाणी आमच्या पायांपर्यंत आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. मला वाटत होतं, त्यांनी ‘माझी’ म्हणावं. मनापासून वाटत होतं. जी गोष्ट सबंध गावानं एका आईसाठी गिळली, ती अजून एकदा गिळायला काय हरकत होती?

“झामिलला काय माहीत आहे?” मी विचारलं.

“काही नाही,” बाबा म्हणाले. “मुनशिदनं घरातसुद्धा सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर आज खुर्ची त्याची असती, आणि तो जिवंत असता.”

त्यांनी रिसानची बोटं एकेक करून दंडावरून सोडवली आणि दाराकडे निघाले.

“बाबा!” रिसान ओरडला. “मी आहे ना इथे! मला मारतील ते!”

“तुला नाही. मी सांगतो त्यांना.”

“काचा आहेत,” आत्या म्हणाली. ती उठून बसली होती. “वहाणा घाल रे.”

बाबांनी वहाणा घातल्या. मी त्यांच्या मागे अंगणापर्यंत गेले. रिसाननं गच्चीकडे हात हलवून माणसांना थांबवलं, एवढं मात्र त्यानं केलं. त्या मेलेल्या पहारेकऱ्याला वळसा घालून बाबा फाटकाशी गेले आणि कडी काढली. कडी वाकली होती, त्यांना दोनदा ओढावी लागली.

झामिल अगदी समोर उभा होता, बंदूक बाबांच्या छातीवर रोखून. त्याचे डोळे सुजले होते. त्याच्या मागे गाडीच्या टपावर काकांची पेटी, वरून त्यांचीच तपकिरी अबा, तो लांब सैल झगा, पांघरलेली.

“सांगा, काका.”

बाबांनी आधी पेटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“खशान माझा थोरला भाऊ होता. तो मी जन्मायच्या आधीच बुडाला,” ते म्हणाले. “मुनशिद माझ्याहून मोठा होता, झामिल. खुर्ची तुझ्या बापाची होती.”