प्लास्टर वाळेपर्यंत

“बोटं सैल सोडा, आजोबा. माझ्याशी पंजा लढवायचा नाहीये तुम्हाला.”

मामाने ओल्या प्लास्टरवर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले आणि त्याचे ओठ पुटपुटू लागले. आजोबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच विभागात नर्स असल्याने ही नजर मला नेहमीचीच.

“प्रार्थना करतोय तो,” मी म्हटलं. “प्लास्टर घट्ट होईपर्यंत. याचं वेगळं बिल लागत नाही.”

दवाखान्यात सगळे त्याला प्लास्टरमामा म्हणत. माझा तर तो सख्खा मामा. प्लास्टर वाळेपर्यंत मोडका हात धरून ठेवावाच लागतो. इतर लोक त्या वेळात गप्पा मारतात, मामा पेशंटला प्रभूच्या हवाली करतो. हाड नीट जुळलं की श्रेय प्रभूचं आणि वाकडं जुळलं की डॉक्टरांच्या शिव्या मामाला, असा दोघांचा जुना करार होता.

मामी त्याची टर उडवायची. “तुमची प्रार्थना प्लास्टरएवढीच हो. वाळलं की आमेन!”

मामी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. कुणी बेसूर गायलं की चष्म्यावरून अशी बघायची, की पाळकसाहेबसुद्धा आवाज खाली आणत. मग तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा बशीत सांडायचा, नंतर सूर घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, “कंपवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही.”

“जाणार नाही म्हणजे काय?” मामा डॉक्टरांवरच चिडला. मोडलेलं जुळताना त्याने जन्मभर पाहिलं होतं. ऑर्गन सुटला तर मामी निम्मी होईल, या धास्तीने त्याचं जेवण सुटलं.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली, तसा मामा उठून ऑर्गनपाशी गेला. त्याने मामीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळे मिटले. मंडळी ताटकळली, एक बाळ रडून झोपलं, तरी मामाचं आमेन काही येईना. हळूहळू तो हात शांत झाला.

“थांबला!” मामा ओरडलाच. “मंडळी, मी साक्ष देतो, प्रभूने हिला बरं केलं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आनंदाच्या भरात मामाही टाळ्या वाजवू लागला, आणि त्याच्या हातातून सुटलेला मामीचा हात पुन्हा थरथरू लागला. पुढच्या बाकावरच्यांना ते आधी दिसलं, मग मागच्यांना. टाळ्या विरत गेल्या. मामाचे हात मात्र हवेतच राहिले. मला त्याच्याकडे बघवेना.

“पुढचं गीत घ्या,” मामी म्हणाली आणि वाजवायला लागली. सूर चुकत होते. मंडळींनी मोठमोठ्याने गाऊन ते झाकले.

दुसऱ्या दिवसापासून मामा प्लास्टर धरायचा, पण ओठ मिटलेले. चार दिवस त्याने कुणासाठी प्रार्थनेचा शब्द काढला नाही. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन मामीच्या कानावर घातलं.

“तोंडाला कुलूप लावलंय म्हणे कामावर?” त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसल्यावर तिने विषय काढला.

“कुठल्या तोंडाने मागू? सगळ्यांसमोर देवाला खोटं पाडलं मी.”

“तुम्ही? देवाला? केवढे मोठे हो तुम्ही!” मामी हसली. मग तिचं हसू ओसरलं. “मलाही बरं व्हायचंय. रोज मागते. तुम्ही कामावर गेलात की रडतेसुद्धा. पण त्या पेशंटांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

मामाचा घास हातातच राहिला होता आणि डोळ्यांतलं पाणी त्याला पुसताही येत नव्हतं.

पुढच्या रविवारी ऑर्गनवर मामीचीच एक शिष्या बसली. मामी पहिल्यांदाच मामाच्या शेजारी बाकावर होती. पाळकसाहेबांनी जरा चाचरतच आजाऱ्यांना पुढे बोलावलं. नजर अधू होत चाललेले टेलरकाका आले आणि त्यांनी गुडघे टेकले. मागच्या रविवारचा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता, त्यामुळे जागचं कुणी हलेना.

मामी उठली. तिने आपला उजवाच हात काकांच्या डोक्यावर ठेवला.

“प्रभू येशू, या तुझ्या लेकराच्या डोळ्यांना हात लाव,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

मामा लगबगीने तिच्यामागे गेला आणि तिचं मनगट सावरायला त्याने हात पुढे केला.

“नको,” ती हळूच म्हणाली. “असाच असू दे.”

मामाने हात मागे घेतला आणि तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. मामी न अडखळता मागत राहिली. तिच्या हाताखाली टेलरकाकांचे चापून बसवलेले केस विस्कटत होते, आणि काका मान खाली घालून ते विस्कटू देत होते.