वर्ध्याला जायची तयारी

टोकावड्याच्या फाट्यावर एका धाब्याला चिकटून एसटीडी बूथ होता. दर रविवारी दुपारी अनंता लेकीला खांद्यावर घेऊन पाड्यावरून खाली उतरायचा आणि तिथल्या बाकावर बसून फोनची वाट बघायचा. त्याची बायको शीतल वर्ध्याला नर्सिंग शिकायला गेली होती. जवळच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही, वर्ध्याला जागा मिळाली, आणि दोघांनी मिळून ठरवलं की जायचंच. तेव्हा काजल तीन वर्षांची होती. आता तिला चौथं संपत आलं होतं.

फोनवर दोघांचं बोलणं व्हायचं ते भाताचं, म्हशीचं, अनंताच्या आईच्या गुडघ्याचं. शेवटी अनंता रिसीव्हर काजलच्या कानाला लावायचा. "बोल गो, आई हाय." काजल रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची, आतला आवाज ऐकायची आणि एक अक्षर बोलायची नाही. मग तिकडून शीतलच म्हणायची, "ऱ्हाऊ दे. घेऊन जा तिला, ऊन लागंल."

त्या वर्षी गणपतीत शीतल चार दिवस घरी येऊन गेली, पण दिवाळीत तिला सुट्टी मिळाली नाही, तिची वॉर्डात ड्यूटी लागली. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, अंगणात कामाचं काही उरलं नाही, तेव्हा एका रविवारी अनंता फोनवर म्हणाला, "मी काजलला घेऊन येतो तिकडं."

"नका आनू," शीतल म्हणाली. "रातभरची गाडी. थंडीचे दिस. पोर लहान हाय."

"मी सगळं बघतो."

"तुमी कल्यानच्या पुढं कदी गेलाव?"

हे खरं होतं. अनंता कल्याणच्या पुढं कधी गेलाच नव्हता. पण शीतलच्या आवाजात काळजी होती असं त्याला वाटलं, आणि काळजीवर उपाय एकच, की तयारी अशी करायची की नाव ठेवायला जागा राहू नये.

दुसऱ्या दिवशी तो मुरबाडवरून कल्याणला गेला आणि रिझर्व्हेशनच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, पोरगी पाच वर्षांच्या आतली आहे, तिला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही, बापाच्याच बर्थवर झोपायचं. अनंतानं खालचा मागितला. मिळाला मधला.

"मधला म्हंजे कसा?" घरी आल्यावर त्याच्या आईनं, बाईजानं विचारलं.

"खाली एक फळी, वर एक फळी, आन् मधी आपली."

"आन् पोर तिथून पडली म्हंजे?"

तेच विचारायला अनंता गोमाकाकाकडे गेला. गोमाकाका शेजारच्या पाड्यावरचा, कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये नोकरी करून म्हातारपणी घरी परतलेला माणूस. रेल्वेचं काहीही असलं की लोक त्यालाच विचारत. त्यानं अनंताला ओट्यावर बसवलं, तंबाखू मळली आणि बोलायला लागला. गाडी कसाऱ्याला थांबते. घाट चढायचा असतो, एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून इंजिनं लावतात. ती लागताना डब्याला धक्का बसतो. झोपलेलं पोर दचकून उठतं. मग बोगदे. मग इगतपुरीला थंडी, अशी की दात वाजतात.

"मंग झोपायचं कसं, काका, फळीवर?"

गोमाकाकानं तंबाखूची पिंक टाकली. "ते मला नाय ठावं," तो म्हणाला. "रूळ माझ्या हाताखालनं गेले, पन रातच्या गाडीत मी कदी झोपलो नाय. आमी रातचं खाली उभं ऱ्हायचो, कंदील घेऊन."

तेव्हा झोपायचं अनंतानं स्वतःच शोधून काढायचं ठरवलं. धाबेवाल्याकडून त्यानं एक अरुंद बाक मागून आणला, पडवीत भिंतीला टेकवून ठेवला. रात्री जेवणं झाल्यावर काजलला भिंतीच्या बाजूला झोपवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला कुशीवर आडवा झाला. "ही आपली गाडी," त्यानं सांगितलं. काजलला ते फार आवडलं. तिनं विचारलं गाडी कधी हलणार, मग अनंतानं पाय लांबवून भिंतीला रेटा दिला आणि बाक डुगडुगवला. ती हसत हसत झोपून गेली. अनंताही झोपला. आणि पहाटे कधीतरी धाडकन आवाज झाला तो काजल पडल्याचा नव्हता. बाईजा उठून दिवा घेऊन आली तर लेक जमिनीवर कंबर चोळत बसलेला, आणि नात बाकावर पाय पसरून गाढ झोपलेली.

"पोरीची चिंता नको करूस," बाईजा म्हणाली. "तुला बांदून ठेवला पायजे."

तरी रोज सराव चालू राहिला. अनंता अंग चोरून झोपायला शिकला. काजलला त्यानं कसाऱ्याच्या धक्क्याचंही सांगून ठेवलं. धक्का बसला की घाबरायचं नाही, मागून मोठी इंजिनं येतात आणि आपल्याला घाटावर ढकलतात. मग ती दिवसभर म्हशीला मागून ढकलत हिंडू लागली.

दर रविवारी तो शीतलला तयारीचा हिशोब द्यायचा. गोधडी घेतोय, जाडी. कानटोपी आयेनं विणली. गाडीतल्या संडासात पोर घाबरंल म्हणून डालड्याचा रिकामा डबा घेतलाय. शीतल हो म्हणायची, बरं म्हणायची, आणि शेवटी पुन्हा तेच. "पन अवो, नाय आनली तरी चालंल." अनंताला वाटायचं, अजून काहीतरी राहिलंय. मग तो आणखी एका गोष्टीचा विचार करायचा.

शेवटचा वाद सुकटीवरून झाला. बाईजाला सुनेसाठी सुकट द्यायची होती. तिकडं तिला कोण देणार? अनंता म्हणाला, गाडीच्या डब्यात वास सुटेल, लोक उतरवतील आपल्याला. बाईजानं सुकट भाजली, पिशवीत बांधली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ते गाठोडं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बसवून वर फडकं आवळलं. "आता तुला पन नाय येनार वास," ती म्हणाली. तांदळाच्या भाकऱ्या वेगळ्या बांधून दिल्या.

निघायच्या दिवशी दुपारीच ते टोकावड्याहून एसटीत बसले. मुरबाडला गाडी बदलली. अनंतानं इतका वेळ हाताशी ठेवला होता की कल्याणला पोचल्यावर प्लॅटफॉर्मवर बसून काजलनं दोन वेळा जेवण केलं. गाडी आली तेव्हा त्यानं तिला एका हातानं छातीशी धरलं, दुसऱ्या हातात पिशवी, गोधडी गळ्यात, आणि घामाघूम होऊन डब्यात शिरला.

समोरच्या खालच्या बर्थवर अकोल्याची एक वयस्क बाई होती, सोबत तिचा भाऊ. बाईनं अनंताकडे पाहिलं, काजलकडे पाहिलं.

"पोरीची माय कुठी हाय?" तिनं विचारलं.

"वर्ध्याला. नर्सचं शिकते. तिकडंच चाललोय."

"मंग वर कायले झोपता लेकराले घेऊन? हा माहा खालचा घ्या. मी मधात झोपतो."

इतके दिवस ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ती अडचण त्या बाईनं एका वाक्यात सोडवली. अनंता काजलला खालच्या बर्थवर ठेवायला वाकला, तर ती आखडली.

"आपली मधली," ती म्हणाली.

"खालची बरी हाय गो, ही मावशी देते."

"नाय. आपली मधली." आणि ओठ बाहेर आला.

बाई हसायला लागली. तिचा भाऊही हसला. अनंतानं मधली फळी उचलून साखळ्या अडकवल्या, काजलला भिंतीकडे सरकवलं आणि स्वतः चढला. कसारा येईपर्यंत ती डोळे ताणून जागी राहिली. धक्का बसला तसं तिनं बापाकडे पाहिलं, जाणत्या माणसासारखी मान हलवली, आणि बोगदे सुरू व्हायच्या आत झोपून गेली. अनंता झोपला नाही. पडवीतला बाक वेगळा, ही फळी वेगळी. एक हात लेकीवर आणि एक साखळीवर ठेवून तो इगतपुरीची थंडी, मनमाडचा चहावाला, भुसावळचा गलका, सगळं ऐकत राहिला. खालून ती बाई मधूनच विचारायची, "झोपली ना?" आणि तो म्हणायचा, "झोपली." अकोल्याला उतरताना बाईनं काजलच्या गालाला हात लावला, तरी ती जागी झाली नाही.

वर्ध्याला ऊन पडलं होतं. शीतल प्लॅटफॉर्मवर उभी होती, पांढऱ्या साडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आधीपेक्षा बारीक. अनंतानं काजलला खाली ठेवलं. "बघ, कोन हाय?"

काजल त्याच्या पायांमागे गेली आणि तोंड त्याच्या गुडघ्यात खुपसलं.

शीतल पुढं आली नाही, तिनं हाकही मारली नाही. तिनं अनंताच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला. चा घेऊ."

दवाखान्याशेजारी पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा होती, तिथं तिनं दोघांसाठी जागा बघून ठेवली होती. काजल अंगणात कबुतरांमागे गेली, तेव्हा ती दोघं पायरीवर बसली.

"म्हनून नका आनू म्हनत होते," शीतल म्हणाली.

"नीट तर आली. गाडीत सर्दीसुद्धा नाय झाली तिला."

"गाडीचं नाय वो." ती अंगणाकडे बघत होती. "गनपतीत आले तवा ती माझ्याकडं आली का? तापात होती, मी पानी पाजायला गेले तर तुमच्या आयेच्या कुशीत शिरली. फोनवर बोलत नाय. घरी जवळ नाय आली ते मी समजून घेतलं, तापाचं निमित्त होतं. पन एवढं लांब येऊन पन जवळ नाय आली, तर दुसऱ्यांची पोरं मी कशी सांभाळू? वॉर्डात कशी उभी ऱ्हाऊ?"

बाक, गोधडी, डालड्याचा डबा, सगळं अनंताच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मला वाटलं तू गाडीला भितेस," तो शेवटी म्हणाला.

"गाडीला कशाला भिऊ? मी एकटी आले की."

आणि तिला हसू आलं, तसं डोळ्यांतून पाणीही आलं. ते तिनं पदरानं पुसलं, कारण काजल पळत येत होती. काजल आली ती अनंताच्या मांडीवर बसली. शीतलकडे तिनं चोरून पाहिलं, पण हात पुढं केला नाही. त्या दिवशी असंच गेलं. शीतलनं सुकट बघून डोळे मिटून वास घेतला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि संध्याकाळी हॉस्टेलवर निघून गेली. अनंताला वाटलं, आपण येऊन चूकच केली की काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्यूटीच्या आधी आली. न्हाऊन आली होती, केस ओले. धर्मशाळेच्या पायरीवर बसून तिनं केस सोडले, विंचरले, आणि अंबाडा घालू लागली. काजलशी ती काही बोलली नाही. अनंतालाही तिनं डोळ्यांनीच सांगितलं, गप्प ऱ्हा.

काजल दारात उभी राहून बघत होती. पायरीवर काळ्या पिनांची एक पुडी उघडी पडली होती. शीतलनं केसांचा पीळ एका हातानं धरला आणि दुसरा हात मागं नेऊन पिना चाचपू लागली. पुडी जरा लांब होती. हात पोचेना.

काजल एक पायरी उतरली. मग आणखी एक. तिनं पुडीतली पिन काढली आणि शीतलच्या हातात ठेवली.

"दुसरी," शीतल मागं न बघता म्हणाली.

काजलनं दुसरी दिली. मग तिसरी. मग पिन हातात न देता तिनं स्वतःच केसांत खुपसली, आडवीतिडवी. शीतलनं मान हलवली नाही. सगळ्या पिना संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग काजलनं पुढं येऊन तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मला पन घाल," ती म्हणाली.

"तुझे केस बारके हायत."

"तरी पन घाल."

शीतलनं तिला मांडीत घेतलं. स्वतःच्या अंबाड्यातल्या दोन पिना उपसून काजलच्या कानांवर लावल्या. काजलनं डोकं तिच्या छातीला टेकवलं आणि कसाऱ्याला मागून इंजिनं कशी आली ते सांगायला लागली. मध्येच थांबून म्हणाली, "आई, तुला पन ढकललं?"

"हो गो," शीतल म्हणाली. "मला पन ढकललं."

दवाखान्याची घंटा झाली तरी ती उठली नाही. अनंता उठला. फाटकापाशी शीतलच्या वॉर्डच्या मुख्य, वयस्क सिस्टर आत जात होत्या, त्यांच्यापुढं जाऊन तो उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. "बाई, शीतलला थोडा उशीर व्हईल," तो म्हणाला. "पोरगी आलीय तिची."

सिस्टरनी पायरीकडे पाहिलं. "किती दिवस आहात?" त्यांनी विचारलं.

"परवापर्यंत."

"मग परवापर्यंत तिला दुपारची ड्यूटी देते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.