दिनानाथांची जाळी

साडी चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला जाळी असते ना, ती सगळ्याच जुन्या मोटरसायकलींना असते. पण दिनानाथांच्या राजदूतची जाळी खिडकीच्या गजांएवढी जाड, वेल्डिंगवर वेल्डिंग केलेली. आणि गंमत बघा, त्या सीटवर त्यांच्या मुलानं, मुकुलनं, बाई म्हणून कधी बघितलीच नाही. मुकुल तीन वर्षांचा असतानाच त्याची आई, सरोजिनी, तापानं गेली, असं त्याला सांगितलेलं. तरी दिनानाथ दर रविवारी त्या जाळीला तेलाचं फडकं मारायचे.

ते गेल्यावर मुकुलला गाडी नवी करायची हौस आली. अन्नपूर्णा भागातल्या घराच्या अंगणात त्यानं ती उघडली. टाकी मॅट काळी, हँडल बुटकं, सीट तपकिरी शिवून आणलेलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून साहेबांना आपण मोठे इंजिनिअर झालो असं वाटायला लागलेलं! ह्या सगळ्यात जाळी काही शोभेना. लुक खराब होतो म्हणे.

शेजारचे रामभाऊ, दिनानाथांचे लंगोटीयार, कुंपणावरून ओरडले, "मुकुल, ती नको काढूस रे!"

"का बरं, काका?"

रामभाऊ आत निघून गेले. मुकुलनं ग्राइंडर चालवला.

एकटा असला की गाडी एकदम मक्खन. पण बायको, अबोली, मागे बसली रे बसली की मागचं चाक जाम. ती उतरली की मोकळं.

"क्या भिया, तुझ्या गाडीला मी आवडत नाही वाटतं," पहिल्यांदा ती गल्लीतल्या पोरांच्या थाटात म्हणाली आणि हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. "ऐक ना, परवा रिक्षानंच जाऊ या."

परवा राऊ गावात तिच्या बहिणीचा साखरपुडा. अबोलीनं महेश्वरी नेसायची आणि ह्याच गाडीवर बसायचं, असा मुकुलचा हट्ट. मग त्यानं चाक खोललं. ब्रेक ठीक, बेअरिंग ठीक. पण एक्सलला धागे गुंडाळलेले, मोहरीच्या फुलासारखं पिवळं रेशीम. असली साडी घरात कुणाचीच नव्हती. त्यानं ते ओढून काढले, चाक पुसून बसवलं, अबोलीला बसवलं. जाम. परत खोललं. परत धागे, आणि ह्या वेळी वीतभर काठसुद्धा. मधल्या वेळात चाक एक इंचही फिरलं नव्हतं.

ते सगळं मुठीत धरून तो रामभाऊंकडे गेला. म्हाताऱ्यानं ते बघितलं.

"सरोजिनीची साडी. त्या दिवशीची." काठ हातात घेऊन ते म्हणाले, "ताप-बीप काही नव्हता रे. राऊच्या अलीकडे तिचा पदर चाकात गेला. कंपनीची जाळी होती गाडीला, ती दिन्यानंच काढून ठेवलेली. लुक खराब होतो म्हणून. नंतर ही स्वतः बनवली त्यानं. पोराला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली."

कापलेली जाळी भंगारात टाकलेली, ती मुकुलनं शोधून काढली आणि त्याच संध्याकाळी परत वेल्ड करून घेतली. रंगही दिला नाही.

साखरपुड्याच्या सकाळी अबोली जीव मुठीत धरून बसली. मुकुल पुटपुटला, "आई, जाऊ दे आता." चाक फिरलं. गाडी कुठे अडली नाही. फक्त राऊच्या अलीकडे एका जागी आपसूक हळू झाली, आणि मग निघाली.

मंडपाच्या दारात अबोली उतरली आणि कमरेकडे बघत राहिली.

"पदर तू खोचलास का रे?"

"मी? मी तर गाडी चालवत होतो."

"मी मोकळा सोडला होता. दोन्ही हातांत साखरपुड्याचं ताट होतं माझ्या."

पदर कमरेला घट्ट खोचलेला, वर सेफ्टी पिन. पिन जुनी, गंजलेली, आणि तिच्या टोकाला एक पिवळा धागा.

आईचा हात कसा असतो, हे मुकुलला आठवत नव्हतं. त्यानं त्या पिनेवर बोट ठेवलं आणि तो सगळ्या पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडला.